आपल्या टिपणावर दुसऱ्याचा पैसा लागतो



हळदीची दुसरी खुरपणी झाली. सोयाबीनची कोळपणी परवा आटोपली आणि काल रात्री बरा पाऊस पडला. रानात पाय ठेवता येत नाही, म्हणून आज हात रिकामे आहेत. आज पिकाचं टिपण नाही, वेगळ्याच विषयावर लिहितो. जरा लांबलचक झालंय, जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या दोन-तीन महिन्यांत औंढा, कळमनुरी, पूर्णा, अर्धापूर अशा चारी बाजूंनी तरुण पोरांचे फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच. "मामा, आम्हाला बी तुमच्यासारखं शेतीचं लिहायचंय. सुरुवात कशी करायची? अन् वाचणारी माणसं वाढवायची कशी?" हे फोनवर दोन शब्दांत सांगून होत नाही. म्हणून इथं सविस्तर सांगायलो.

आधीच सांगतो, मी काही लई शिकलेला माणूस नाही. दहावी पास झालो आणि तेव्हापासून कुरुंद्याच्या शिवारात राबायलो. पाच एकर रान. त्यात दोन एकर हळद, बाकी सोयाबीन-तूर आणि थोडा ऊस. लिहिणं हा आपला धंदा नाही. पण सात वर्षं झाली, आठवड्याला एक टिपण टाकतो. पहिल्या वर्षी वाचणारे म्हणजे भावकी, सोयरे आणि आखाड्यावर चहाला येणारे मित्र, असे मिळून चाळीस-एक लोक. आज हिंगोली, परभणी, नांदेडचे तर आहेतच, सांगली-वाईकडचे हळदवाले बी वाचतात आणि शेतीखात्यातले, विद्यापीठातले काही साहेब लोक बी वाचतात.

हे कशामुळं झालं? फोटो चांगले म्हणून नाही, माझा मोबाईल साधा आहे. भाषा चांगली म्हणून तर मुळीच नाही. मला जे कारण सापडलं ते एवढंच आहे : वाचणारा माणूस माझ्या टिपणावर स्वतःचा पैसा लावतो. मी लिहिलं की अमुक तारखेला लावली आणि बरी आली, तर पलीकडच्या तालुक्यात कुणीतरी ते वाचून बेण्याला पैसे मोजतो. माझं एक वाक्य म्हणजे त्याची एक गोणी. हे ध्यानात ठेवून लिहिलं तर माणसं टिकतात. हे विसरलं तर माणसं येतात आणि एका हंगामात निघून जातात.

ही गोष्ट मोबाईलनंतरची नाही

खेड्यातल्या माणसानं लिहायचं आणि दूरदूरच्या गावांनी वाचायचं, हे मोबाईल आल्यावर सुरू झालं असं पोरांना वाटतं. तसं नाही. आमच्या इथल्या एका निवृत्त गुरुजींनी मला 'दीनमित्र'ची गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी ती येईल त्याला सांगत असतो.

१ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढलं. शेतकरी-कामकऱ्यांच्या बाजूनं बोलणारं, सत्यशोधक विचाराचं पत्र. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव हे दत्तक गेले, म्हणून त्यांचं आडनाव पाटील झालं. ह्या मुकुंदराव पाटलांनी २३ नोव्हेंबर १९१० पासून 'दीनमित्र' साप्ताहिक चालू केलं. आणि कुठून? पुण्या-मुंबईतून नाही. नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे गावातून, आणि पुढं नेवासा तालुक्यातल्या तरवडी गावातून. १९१० सालचं खेडं म्हणजे लाईट नाही, मोटार नाही, आणि गावात वाचता येणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. अशा ठिकाणाहून हे साप्ताहिक १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षं चाललं. १९६७ सालीच मुकुंदराव वारले.

सत्तावन्न वर्षं, दर आठवड्याला. आपण दोन महिने लिहितो आणि कुणी बघत नाही म्हणून सोडून देतो.

ह्यातून मी माझ्यापुरत्या तीन गोष्टी घेतल्या. पहिली, मुकुंदराव शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत लिहीत. सावकार, कुलकर्णी, वतनदार ह्यांच्याकडून होणारी नाडवणूक त्यांनी गावातल्या माणसाच्या तोंडच्या मराठीत मांडली. दुसरी, त्यांचं पत्र ठरल्या वेळी यायचं. आणि तिसरी, ते खेड्यात राहिले. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते सकाळी दारासमोरून जाणार, ज्यांच्यासाठी लिहायचं ते बी तिथंच. तिथं खोटं लिहून माणूस राहू शकत नाही.

ह्याच घराण्यातली आणखी एक गोष्ट. १८८३ साली जोतिराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची सुरुवातीची दोन प्रकरणं 'दीनबंधु'त छापून आली आणि पुढची आली नाहीत. म्हणजे फुल्यांसारख्या माणसाचं लिखाण बी, आपल्याच माणसांच्या पत्रात, अर्ध्यात थांबलं. आज आपण जिथं लिहितो ती जागा बी आपल्या मालकीची नाही. उद्या ती कंपनी बंद करील, नाही तर खातं अडकवील. म्हणून माझं पहिलं सांगणं : आधी वहीत लिहा, मग मोबाईलवर टाका. माझ्या सात वर्षांच्या सात वह्या आहेत. आखाड्यावरच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्यात. मोबाईल गेला तरी हळदीचा हिशेब जात नाही.

टिपणात काय पाहिजे

पोरं विचारतात, लिहायचं काय? मी म्हणतो, तुमच्या धुऱ्याच्या आत जे झालं तेवढंच लिहा. एक नमुना देतो. माझ्या वहीतलं जूनमधलं टिपण असं आहे :

"१२ जून. वरचं रान, मध्यम काळी जमीन, उतार पूर्वेला. हळद सेलम, बेणं घरचं, लागवड ६ जूनला, गादीवाफ्यावर दोन ओळी. काल रात्री माझ्या पर्जन्यमापकावर ३८ मिलिमीटर पाऊस. वाफ्याच्या खालच्या टोकाला पाणी तुंबलं. चर काढून दिला. दोन माणसं, अर्धा दिवस."

बस, एवढंच. ह्यात मोठं ज्ञान काही नाही. पण तारीख आहे, जमीन आहे, जात आहे, पाऊस आहे, काम आहे आणि मजुरी आहे. वाचणारा ह्यावर स्वतःचं रान ताडून बघू शकतो. त्याची जमीन भारी असेल तर तो म्हणेल, मामाच्या मध्यम जमिनीत पाणी तुंबलं, माझ्याकडं तर जास्तच तुंबणार, आधीच चर काढू. ह्यातलं एक जरी गाळलं तरी टिपण लंगडं होतं.

हळदीचंच बघा. आपल्याकडं फिरतं, "एकरी दीडशे क्विंटल काढली!" खाली हारतुऱ्यांचा पाऊस. पण ही दीडशे ओली का वाळलेली? ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून हाती येते ती साधारण पाचव्या हिश्श्याला. दीडशे ओली म्हणजे वाळून तीस. मोंढ्यात बीट होतं ते वाळलेल्या हळदीचं. नवीन माणूस दीडशेला वाळलेल्या भावानं गुणतो, घरच्यांना हिशेब दाखवतो आणि दुसऱ्याचं रान बटाईनं घेतो. आकडा सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं एक शब्द गाळला होता. त्या एका शब्दावर दुसऱ्याचं घर बसतं.

म्हणून माझा नियम असा : उत्पन्न लिहिलं तर ओलं का वाळलेलं ते लिहायचं, आणि त्याच टिपणात खर्च बी लिहायचा. बेणं, गादीवाफे, खत, खुरपण, काढणी, शिजवणीच्या कुकरचं भाडं, पॉलिशचा ढोल, गाडीभाडं, आडत. खर्च लिहिल्यावर हारतुरे कमी येतात, पण फोन जास्त येतात. आणि फोन करणारा माणूस हाच खरा वाचणारा.

कामाच्या आधी लिहा

दुसरी गोष्ट वेळेची. पेरणी झाल्यावर पेरणीचं टिपण म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका. सोयाबीनची उगवण तपासायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे : घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटात ओळीनं गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, आणि आठवड्याच्या आत किती उगवले ते मोजा. सत्तर वा त्याच्या वर उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा, कमी असतील तर माप वाढवा, लईच कमी असतील तर ते बियाणं पेरू नका. ह्यात माझं काही नाही, शेतीखातं वर्षानुवर्षं हेच सांगतं. पण मी हे दरवर्षी मे महिन्यात, माझ्या स्वतःच्या शंभर दाण्यांच्या फोटोसकट टाकतो. किती उगवले आणि किती सडले ते मोजून लिहितो.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या. पेरलेलं मोडून दुबार पेरायची पाळी आली की बॅग, खत आणि ट्रॅक्टर, सगळं दुसऱ्यांदा. त्यानंतर माझ्या मे महिन्याच्या टिपणाला जेवढी माणसं जोडली गेली, तेवढी दुसऱ्या कशानं जोडली नाहीत. त्या टिपणात नवीन काही नव्हतं. फक्त ते वेळेवर आलं होतं.

तसंच हळदीच्या कंदमाशीचं. माशी उघड्या पडलेल्या कंदाजवळ अंडी घालते, अळी कंदात शिरते, मग कंदकूज. पान पिवळं पडल्यावर फोटो टाकून काय उपयोग? भरणीच्या आधी टाका की "कंद उघडे पडलेत, माती चढवा." वाचणाऱ्याच्या हातात काम करायला दिवस शिल्लक पाहिजेत.

जे लिहायचं नाही

आता जरा अवघड गोष्टीकडं येतो.

मला आठवड्याला निदान दोन फोन असे येतात : "मामा, ही तीन औषधं एकाच पंपात टाकून मारायलो. प्रमाण सांगा." मी सांगत नाही. कधीच सांगितलं नाही. एक गडी रागानं म्हणला, "मग तुमचा उपयोग काय?" म्हणलं, एवढाच उपयोग की मी सांगत नाही.

२०१७ साल आठवतं का? यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या काळात छातीएवढी-डोक्याएवढी कपाशी, अंगावर साधा शर्ट, तोंडाला रुमाल बी नाही, आणि पंपात मिसळलेली औषधं. फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतो, रोजानं आलेला मजूर असतो. त्यानं टिपण वाचलेलं नसतं. वाचलेलं असतं मालकानं. म्हणजे मी इथं बसून एक प्रमाण लिहिणार, मालक ते वाचणार आणि विष जाणार तिसऱ्याच्या अंगात. एवढी मोठी जबाबदारी दहावी पास माणसानं का म्हणून घ्यायची?

म्हणून औषधाच्या बाबतीत मी तीनच गोष्टी लिहितो. बाटलीवरचा त्रिकोण बघा : लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटलीवर ज्या पिकाचं आणि ज्या किडीचं नाव आहे त्यालाच, लिहिलंय तेवढंच वापरा. आणि शंका असेल तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात नाही तर परभणीच्या विद्यापीठात फोन करा, ते पगार घेतात त्याच कामाचा. हे वाचून काही लोक सोडून जातात. जाऊ द्या.

फोटो माझा, बाटली त्यांची

दोन वर्षांमागं फेब्रुवारीत माझी हळद निघाली. एका गड्ड्याचा फोटो टाकला होता, चांगला वजनदार गड्डा, हातात धरलेला. आठ-दहा दिवसांनी सकाळी सकाळी फोन सुरू झाले. "मामा, तुम्ही बी हे वापरता का?" मला काही समजंना. मग पोरानं दाखवलं. माझ्या हाताचा, माझ्या गड्ड्याचा फोटो, आणि शेजारी एक बाटली. खाली लिहिलं होतं की ह्या टॉनिकनं असा गड्डा येतो. कुणाचं टॉनिक ते नाव इथं लिहीत नाही.

तोवर एका पोरानं दोन बाटल्या उधारीवर उचलल्या होत्या. त्याचं म्हणणं, "तुमचा फोटो बघितला म्हणून घेतल्या, मामा. दुसऱ्या कुणाचा असता तर घेतल्या नसत्या." हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या विश्वासासाठी एवढी वर्षं लिहिलं, तोच विश्वास कुणीतरी न विचारता उचलून दुकानात मांडला होता.

मी तांबडतोब लिहिलं : "हा हात माझा, हळद माझी, फोटो माझा. बाटली माझी नाही, मी ती कधी वापरली नाही." पण माझ्या म्हणण्याला पुरावा काय? समोरचा म्हणू शकतो की मामा आता पलटले. तेव्हा वाचणारेच कामी आले. अर्धापूरकडच्या एका गड्यानं बसून माझी जून ते जानेवारीची सगळी टिपणं काढली, त्या रानात कधी काय टाकलं त्याची तारखेवार यादी केली आणि खाली एकच ओळ लिहिली : ह्यात ही बाटली कुठंच नाही. चार दिवसांत तो फोटो निघाला.

पोराचे पैसे काही परत मिळाले नाहीत. पण मला एक गोष्ट कळली. तारीखवार लिहिणं हे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतं असं मी समजत होतो. ते लिहिणाऱ्याचं कुंपण बी असतं.

त्यानंतर महिनाभरात दुसराच एक माणूस आखाड्यावर आला. गोड बोलणारा. महिन्याला दोन टिपणं आमच्या मालावर लिहा, दहा हजार देतो, म्हणला. शिजवणीचे दिवस होते, कुकरवाल्याचे पैसे द्यायचे होते, मजुरांचे द्यायचे होते, हळद अजून वाळत पडलेली. दहा हजार रुपये म्हणजे त्या वेळी लई मोठी रक्कम. मी लगेच नाही म्हणलो नाही, विचार करून सांगतो म्हणलं. रात्री कारभारणीला सांगितलं. ती म्हणली, "पैसे घ्या, पण मग टिपणाच्या वरच लिहा, हे लिहायचे मला पैसे मिळालेत म्हणून." सकाळी त्या माणसाला हीच अट घातली. तो परत आला नाही.

मी दुकानदारांच्या विरोधात नाही. कृषी केंद्रवाला आपल्याला उधारी देतो, त्याच्याशिवाय खरीप उभा राहत नाही. पण माझा नियम आता पक्का आहे. खत-औषध लिहिलं तर त्यातल्या घटकाचं नाव लिहितो, कंपनीचं नाही. फुकट मिळालं असेल तर फुकट मिळालं असं लिहितो.

पुराच्या वेळी

जुलै २०२२ मध्ये एका रात्रीत धो धो पाऊस झाला आणि कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. भांडीकुंडी, धान्य, जनावरं, कुणाचं काय काय गेलं ते गावाला माहीत आहे. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फोनवर काय काय फिरत होतं! कुठल्या तरी जुन्या पुराचे फोटो, धरण फुटल्याच्या अफवा, अमुक वाहून गेला म्हणून नावं. बाहेरगावी नोकरीला असलेली आमची पोरं रडकुंडीला आली होती.

मी तेव्हा फक्त डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं, वेळ घालून. सकाळी सहा वाजता पाणी कुठल्या पायरीपर्यंत, आठ वाजता कुठवर उतरलं, कोणता रस्ता बंद, माणसं कुठं हलवली. ऐकीव एक शब्द नाही. लिहायला असं विशेष काही नव्हतं, पण मुंबई-पुण्याहून घरच्यांसाठी जीव टांगलेली माणसं तेवढंच वाचत होती. त्यातली काही जण आजही वाचतात, त्यांना हळदीशी काही देणंघेणं नसलं तरी.

साहेब लोकांसाठी दोन शब्द

विद्यापीठातले, शेतीखात्यातले वाचक आहेत म्हणून हे बी स्पष्ट करतो. परभणीचं विद्यापीठ १९७२ पासून मराठवाड्यासाठी काम करतं. तिथं एखादं वाण सोडताना अनेक ठिकाणी, अनेक वर्षं, शेजारी-शेजारी वाफे लावून ताडून बघतात. माझं रान एकच, माझं वर्ष एकच. मला बरी आली म्हणून ती शिफारस होत नाही. मी हे प्रत्येक पाच-सहा टिपणांनंतर पुन्हा लिहितो, कारण नवीन माणूस रोज येतो.

पण तुम्हाला बी माझ्या टिपणाचा एक उपयोग आहे. शिफारस आमच्या धुऱ्यापर्यंत आली की तिचं काय होतं, ते तुमच्या अहवालात नसतं. लाईट रात्रीची असते म्हणून पाणी वेळेवर जात नाही. खुरपायला माणूस मिळत नाही म्हणून तण आठ दिवस उशिरा निघतं. मंडळाच्या यंत्रावर पाऊस वेगळा आणि माझ्या रानात वेगळा. हे सगळं माझ्या वहीत तारखेसकट आहे. ज्याला पाहिजे त्यानं आखाड्यावर यावं, वह्या उघड्या आहेत.

शेतीचं ऐकणं-वाचणं मला रेडिओनं लावलं. आकाशवाणी परभणीवरचा शेतीचा कार्यक्रम आमच्या बापाच्या काळापासून घरात लागायचा. पुढं २० एप्रिल २००५ ला 'ॲग्रोवन' सुरू झालं, शेतीसाठी रोजचा पेपर निघाला म्हणून गावात कौतुक होतं. हे सगळं वरून खाली येणारं होतं, आणि चांगलं होतं. आता आपल्याला धुऱ्यावरून वर बोलता येतं. बोलता येतं म्हणून काहीही बोलायचं नसतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

तर पोरांनो, थोडक्यात असं करा. एक वही घ्या. एकच पीक आणि एकच रान धरा, सगळ्या जगाची शेती सांगू नका. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो मोडू नका. पीक चांगलं असो का वाईट, त्या वारी लिहा. पीक गेलं तर गेलं म्हणून लिहा, कारण वाचणाऱ्याला तुमच्या फायद्यापेक्षा तुमच्या नुकसानीतून जास्त शिकता येतं. घरात बोलता तसं लिहा. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला वाचता येत नाही, त्याचा नातू मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याला ऐकून कळलं तर तुमचं लिहिणं बरोबर आहे.

पहिलं वर्ष कुणी वाचणार नाही, ते स्वतःसाठी लिहा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मागची वही उघडा, तुम्हालाच उपयोग होईल. दुसऱ्या वर्षी शेजारी विचारील. तिसऱ्या वर्षी अनोळखी माणसाचा फोन येईल. त्या दिवशी नीट बोला, कारण तो माणूस तुमच्या शब्दावर बेणं घ्यायच्या तयारीत असतो.

आणि आकडा मोजत बसू नका. एखाद्या वर्षी वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव चढला की वाचणारे आपोआप वाढतात, भाव पडला की कमी होतात. भाव पडल्यावर जे उरतात ते तुमचे.

चला, पुष्कळ झालं. आभाळ पुन्हा भरून यायलंय. वापसा आला की पुढच्या आठवड्यात हळदीला भरणी लावायची आहे. ज्यांचे कंद उघडे पडलेत त्यांनी बघून ठेवा, मजूर आत्ताच सांगून ठेवा, तेव्हा मिळणार नाहीत. भरणीचा खर्च आणि फोटो रविवारी टाकतो.

राम राम.